दगड, खनिजं आणि ऊर्जा : वर्गात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

सहावी-सातवीच्या मुलांना खडक आणि खनिजं शिकवायला घेतली की दर वर्षी चेहरे बदलतात, प्रश्न मात्र तेच येतात. काही प्रश्न पुस्तकातले असतात. बरेचसे ओट्यावरून, विहिरीच्या काठावरून, एसटीच्या खिडकीतून सुचलेले असतात, आणि तेच मला जास्त आवडतात. इथे दोन्ही प्रकारचे घेतले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

खडक आणि खनिज यात फरक काय?

चिवड्याची वाटी समोर घ्या. पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप वेगवेगळे ओळखू येतात. चिवडा म्हणजे खडक, आणि त्यातला प्रत्येक घटक म्हणजे खनिज. ग्रॅनाइटचा तुकडा उन्हात धरलात तर हा चिवडा सरळ डोळ्यांना दिसतो. गुलाबी किंवा पांढरे फेल्डस्पारचे दाणे, काचेसारखे करडे क्वार्ट्झचे दाणे, आणि मध्ये चमचमणारं काळं अभ्रक.

आपला सह्याद्रीतला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हा मात्र चिवडा नव्हे, वाटलेली चटणी आहे. त्यातही फेल्डस्पार आणि पायरोक्सिन ही खनिजं आहेत, थोडं लोहचुंबकी मॅग्नेटाइट आहे, पण दाणे इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. आणि चुनखडक म्हणजे नुसत्या शेंगदाण्यांची वाटी : बहुतेक सगळा एकाच खनिजाचा, कॅल्साइटचा.

एखादी वस्तू खनिज आहे की नाही हे कसं ठरवायचं?

पाच अटी लावा. ती निसर्गात आपोआप तयार झालेली हवी, घन हवी, साधारणपणे सजीवांनी न बनवलेली हवी, तिचं रासायनिक सूत्र ठरलेलं हवं, आणि आतले अणू ठरावीक नक्षीत रचलेले हवेत. ही नक्षी म्हणजेच स्फटिकरचना.

आता गंमत बघा. साखर स्फटिकरूप आहे, पण ती कारखान्यात उसाच्या रसापासून बनते, म्हणून खनिज नाही. काच घन आहे, पण तिच्या अणूंना नक्षी नाही. म्हणून ज्वालामुखीतून नैसर्गिकरीत्या आलेली काचसुद्धा खनिज ठरत नाही. हिमालयातला बर्फ मात्र पाचही अटी पुऱ्या करतो, तेव्हा बर्फ हे खनिज आहे. मुलं यावर सर्वांत जास्त भांडतात. फ्रिजमधल्या बर्फाचं काय, असं एकीने विचारलं होतं. तो माणसाने बनवला, म्हणून नाही. सैंधव मीठ? खनिज. खाणीतून जसंच्या तसं निघतं.

दगडी कोळसा विज्ञानाच्या व्याख्येत खनिज बसत नाही, कारण तो वनस्पतींपासून बनला आणि त्याचं एक ठरलेलं सूत्र नाही. पण १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात तो खनिजच आहे. परीक्षेत कोणतं उत्तर लिहायचं? विज्ञानाच्या पेपरात विज्ञानाचं.

खडकांचे तीन प्रकार पाठ आहेत, पण ते बघायला कुठे जायचं?

अग्निजन्य खडक बघायला बहुतेकांना कुठेच जावं लागत नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्टचा आहे. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सगळं त्याच्यावर वसलं आहे. अजिंठ्याची लेणी त्याच्यात खोदली. वेरूळचं कैलास लेणं तर डोंगर वरून खाली कोरत आणून त्याच खडकातून मोकळं केलं.

गाळाचे खडक बघायला विदर्भात जा. चंद्रपूर, वणी, उमरेड या भागात वाळूचा खडक आहे, दगडी कोळसा आहे. चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात चुनखडक आहे आणि म्हणूनच तिथे सिमेंटचे कारखाने आहेत. रूपांतरित खडक, म्हणजे उष्णता आणि दाबाने मूळ रूप पालटलेले, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत आणि दक्षिणेला सिंधुदुर्गात सापडतात.

बाजारातून न फिरता तिन्ही प्रकार हवे असतील तर : पाटा-वरवंटा अग्निजन्य, शहाबादी फरशी गाळाची, आणि आजोबांच्या काळातली दगडी पाटी रूपांतरित. पाटीचा दगड म्हणजे चिखलाच्या खडकावर दाब पडून झालेला स्लेट.

सह्याद्रीत ज्वालामुखी होता म्हणतात. मग त्याचं तोंड कुठे आहे? रायगड ज्वालामुखी होता का?

नाही. रायगड नाही, शिवनेरी नाही, कळसूबाईही नाही. चित्रातला ज्वालामुखी शंकूसारखा असतो, म्हणून मुलं प्रत्येक उंच डोंगराकडे संशयाने बघतात. इथे झालं ते वेगळं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुरासारखा पसरला. एक थर थिजला की काही काळाने त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. आजही तो खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे, आणि १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर याच थरांचं आहे.

डोंगर नंतर घडले, तेही खोदकामाने. नद्या आणि पाऊस यांनी मधलं मधलं कापून नेलं, जे उरलं त्याला आपण डोंगर म्हणतो. घाटातून जाताना समोरच्या कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात ना, त्यांतली प्रत्येक पट्टी साधारणपणे एकेका लाव्हाप्रवाहाची किंवा त्याच्या भागाची. कठीण भाग सरळसोट कडा होतो, मऊ भाग उतरता होऊन त्यावर गवत उगवतं. या पायऱ्यांमुळेच या खडकाला डेक्कन ट्रॅप हे नाव मिळालं. स्वीडिश भाषेत ‘ट्रापा’ म्हणजे पायरी, जिना.

ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्यांपैकी काहींत तो तिथेच थिजला. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतींसारख्या वर आलेल्या लांब दगडी रांगा दिसतात, त्या ह्याच. तेव्हा ‘तोंड कुठे’ याचं उत्तर : तोंड नव्हतं, ओठ होते, आणि त्यांतले काही अजून दिसतात.

सगळा बेसाल्ट एकच ना? मग शेजारच्या विहिरीला पाणी आणि आमची कोरडी, असं का?

हा प्रश्न दुष्काळी तालुक्यातल्या मुलाने विचारला की मी पुस्तक बाजूला ठेवतो. बेसाल्ट एकच नसतो, हे भूशास्त्रज्ञांच्या आधी विहीर खोदणाऱ्यांना कळलं होतं. त्यांच्याकडे शब्दच वेगळे आहेत. वरची माती संपली की मुरूम लागतो, म्हणजे कुजलेला, कुदळीने निघणारा खडक. खाली काळा कातळ लागतो, ज्याला सुरुंग लागतो. मध्येच भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मऊसर खडक येतो, त्याला काही भागांत मांजऱ्या म्हणतात. आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल मातीचा पट्टा, तो गेरू.

लाव्हा थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांनी वर जातो आणि प्रवाहाच्या वरच्या भागात अडकतो. म्हणून प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र, आणि पोट घट्ट. घट्ट पोटात पाणी जवळजवळ राहत नाही, राहिलं तर फक्त भेगांत. सच्छिद्र भाग कुजून मोकळा झाला की तो पाणी धरतो. तुमची विहीर घट्ट पोटात संपली आणि शेजाऱ्याची भेगेला लागली, एवढाच फरक. पानाड्याने नारळ कुठल्या हातात धरला होता याच्याशी त्याचा संबंध नाही.

लाव्हा शांतपणे, सावकाश थंड झाला तर तो आक्रसतो आणि चिखल वाळल्यावर तडकतो तसा उभा तडकून त्याचे पाच-सहा कोनांचे खांब होतात. मुंबईत अंधेरीला इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभी आहे, ती अशा खांबांची.

खाणीत दगड फोडताना आत पांढरे-हिरवे स्फटिक सापडतात. ते हिरे असतात का?

हिरे नव्हेत, पण जगभरच्या संग्रहालयांना त्यांचं वेड आहे. मघाच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे गरम पाणी झिरपलं आणि त्या पाण्यातले क्षार भिंतींवर साचत गेले. त्यांतली बरीचशी झिओलाइट नावाच्या कुटुंबातली खनिजं आहेत : पंख्यासारखं स्टिल्बाइट, मोत्यासारखी चमक असलेलं ह्यूलंडाइट. त्यांच्या सोबतीला अपोफिलाइटचे हिरवट पारदर्शक स्फटिक असतात, ते झिओलाइट नसले तरी शेजार तोच. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांच्या दगडखाणींतले नमुने जगात नावाजलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत मिळणारं कॅव्हन्साइट तर असं निळं असतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला ते रंगवलेलं वाटतं. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर कापला, तेव्हा एकोणिसाव्या शतकातच तिथले स्फटिक परदेशी गेले.

झिओलाइट या शब्दाचा अर्थ ‘उकळणारा दगड’. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा दगड तापवला, तर त्यातून वाफ निघाली. या खनिजाच्या रचनेत सूक्ष्म बोगदे असतात आणि त्यांत पाणी बसलेलं असतं. त्याच बोगद्यांमुळे ते जड पाण्यातले क्षार पकडतं. कपड्यांच्या पावडरीत कारखान्यात बनवलेलं झिओलाइट घालतात ते याचसाठी.

खाणीजवळ राहणाऱ्या मुलांच्या घरी दारात असे दगड पायपुसण्याशेजारी पडलेले मी पाहिले आहेत.

कोकणातला जांभा दगड लाल आणि भोकाभोकांचा का?

जांभा म्हणजे खडकाचं हाड. उष्ण हवा, चार महिने धो-धो पाऊस, मग कडक ऊन : हे लाखो वर्षं चाललं की खडकातलं जे विरघळतं ते पाण्याबरोबर निघून जातं. सिलिका जाते, कॅल्शियम जातं, सोडियम जातं. मागे उरतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह गंजतं, म्हणून लाल. विरघळलेल्याची जागा रिकामी राहते, म्हणून भोकं. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, चिरे सहज कापता येतात. उघड्यावर राहिला की कडक होतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने केरळमधल्या अशाच दगडाला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. कोकणी माणूस त्याआधीपासून चिऱ्याची घरं बांधतच होता.

जिथे लोहापेक्षा अ‍ॅल्युमिनियम जास्त साचलं तिथे बॉक्साइट तयार झालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरमाथ्यांवर ते आहे. तुमच्या डब्याच्या अ‍ॅल्युमिनियमची सुरुवात अशाच मातकट दगडापासून होते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथे, याच जांभ्यावर प्राचीन माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत. देवाचे गोठणे इथे होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडेच वळते. दगडात लोह असल्याची इतकी नाट्यमय साक्ष दुसरीकडे मिळणं कठीण.

आमचा ओटा ग्रॅनाइटचा आहे की कडप्प्याचा? कसं ओळखायचं?

लिंबू कापून विसरा. कडप्पा हा आंध्रातला काळा चुनखडक आहे. लिंबाच्या आम्लाने त्यावर फिका डाग उमटतो आणि चकाकी जाते. ग्रॅनाइटला लिंबाचं काही वाटत नाही. (प्रयोग आईला विचारून करा. डाग जात नाही.) शहाबाद आणि कोटा या फरश्याही चुनखडकच. संगमरवर म्हणजे चुनखडक खोलवर भाजून निघालेला, त्यालाही आम्ल चालत नाही.

दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो तो मात्र बहुधा ग्रॅनाइट नसतो. तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे बेसाल्टचाच सावकाश थंड झालेला, जाड दाण्यांचा भाऊ. दुकानदार खोटं बोलत नाही. त्याच्या धंद्यात ज्याला झिलई चढते आणि जे लिंबाला दाद देत नाही ते सगळं ग्रॅनाइट.

खनिज ओळखायच्या सोप्या चाचण्या कोणत्या?

रंगावर भरवसा ठेवू नका, एवढं आधी. क्वार्ट्झ पांढरं, गुलाबी, जांभळं, काळपट, कसंही असतं. त्यापेक्षा कठीणपणा बघा. १ ते १० अशी मोजपट्टी आहे, फ्रेडरिक मोस या शास्त्रज्ञाची. १ वर शंखजिरे, ज्याची टाल्कम पावडर होते. २ वर जिप्सम, ३ वर कॅल्साइट, ७ वर क्वार्ट्झ, ९ वर कोरंडम म्हणजे माणिक आणि नीलम, १० वर हिरा. तुमचं नख साधारण अडीच, खिडकीची काच साडेपाच. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम किंवा त्याहून मऊ. काचेवर ओरखडा उठवला तर गारगोटीसारखं, काचेहून कठीण.

दुसरी चाचणी कस. कपाच्या बुडाच्या झिलई नसलेल्या कडेवर खनिज घासा आणि उमटलेल्या रेघेचा रंग बघा. हेमॅटाइट हे लोहखनिज दिसायला काळं-करडं असलं तरी त्याची रेघ तांबडी येते. तिसरी, व्हिनेगरचा थेंब : फसफसलं तर चुन्याचं काहीतरी. आणि चौथी, माझी आवडती, लोहचुंबक. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवा. जे काळे कण चिकटून उभे राहतात ते मॅग्नेटाइट. कागद अशासाठी की नंतर कण सोडवता आले पाहिजेत.

जाता जाता : शिसपेन्सिलीत शिसं नसतं. असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. हिराही कार्बनच. अणू तेच, रचना वेगळी.

लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं ना?

नाही. उल्का आदळून झालेलं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. बेसाल्टमध्ये झालेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी, म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे बुलढाणा जिल्ह्यात येतात.

धातुक आणि खनिज एकच का?

प्रत्येक धातुकात खनिज असतं, पण प्रत्येक खनिज धातुक नसतं. ज्यातून धातू काढणं परवडतं ते धातुक. इथे विज्ञानापेक्षा हिशेब मोठा. अंगणातल्या बेसाल्टमध्येही लोह आहे, पण ते काढायला जो खर्च येईल त्यात लोखंडाचं दुकान विकत येईल.

नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत : मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग. पोलाद बनवताना मँगनीज लागतंच. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी वापरतात, टॉर्चमधला सेल फोडल्यावर हात काळा करणारी पूड हीच. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज आहे.

गोव्याचं लोहखनिज सगळ्यांत बोलकं उदाहरण आहे. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या डोंगरांतून निघालेला माल बार्जमधून मांडवी-जुवारीने मुरगाव बंदरात आणि तिथून परदेशी जायचा. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागे. पावसात ती माती शेतांत आणि ओढ्यांत उतरायची. बेकायदा उत्खननाची चौकशी झाली आणि २०१२ साली खाणकाम थांबलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. २०१८ साली न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि खाणी पुन्हा बंद पडल्या. ट्रकवाल्याचं कर्ज आणि शेतकऱ्याचं भातशेत, दोन्ही एकाच गावात असतात. वर्गात यावर वाद घाला म्हटलं तर तास अपुरा पडतो.

‘दगडी कोळसा’ हे नाव कशामुळे? तो दगड आहे का?

कारण आपल्याकडे दुसरा कोळसा आधीपासून होता : लाकूड अर्धवट जाळून केलेला लोणारी कोळसा. इस्त्रीवाल्याकडे असतो तो. खाणीतून निघालेला दगडासारखा कठीण, म्हणून दगडी. तो गाळाचा खडकच आहे.

विदर्भातला कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकत्र होते. या खंडाला गोंडवन म्हणतात, आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून पडलेलं नाव ते. दलदलीतली झाडं मेली, गाळाखाली गाडली गेली, हवा न मिळाल्याने कुजली नाहीत. दाब आणि उष्णता वाढत गेली, पाणी आणि वायू निघून गेले, कार्बन राहिला. आधी पीट, मग लिग्नाइट, मग आपला बिटुमिनस, आणि शेवटी अँथ्रासाइट.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ, वाफेने चक्र, चक्राने जनित्र. देशातली जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज याच मार्गाने येते. घरच्या हिशेबात सांगायचं तर दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, आणि एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख खूप, अनेकदा तिसरा हिस्सा. म्हणजे तुमच्या एका आंघोळीमागे चंद्रपुरात दोन-तीन मुठी राख पडते. ती सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जाते, सगळी मात्र जात नाही.

पेट्रोल डायनासोरपासून बनलं का?

नाही, हा गैरसमज फार चिवट आहे. तेल मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून आणि शेवाळापासून बनतं. ते तळाशी गाडले गेले आणि योग्य उष्णतेत ‘शिजले’. जमिनीखाली तेलाची तळी असतात हाही समज सोडा. ओला स्पंज आठवा. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र आहे. तिथलं तेल मुख्यतः सच्छिद्र चुनखडकाच्या भोकांत आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात खोदणाऱ्या यंत्रणेने तिथे तेल शोधलं आणि १९७६ साली उत्पादन सुरू झालं.

सगळी ऊर्जा शेवटी सूर्याचीच असते, हे खरं का?

बहुतेक सगळी. कोळसा म्हणजे जुनं ऊन, तेल म्हणजे जुनं ऊन. वारा आजचं ऊन, कारण जमीन कमी-जास्त तापते म्हणून हवा हलते. साताऱ्यातल्या चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवरच्या पवनचक्क्या त्यावरच फिरतात. धरणाचं पाणीही उन्हानेच वर नेलेलं. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, घाटावर पडलेला पाऊस खाली सोडून मुंबईच्या गिरण्या चालवायला. कोयनेची युक्ती तीच : पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी अडवून बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे सोडलं. क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट.

कोयनेचं नाव निघालं की ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप येतोच. मोठ्या जलाशयाच्या भाराने आणि भेगांत शिरलेल्या पाण्याने तिथली ताणलेली जमीन सरकली, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या अभ्यासासाठी तिथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तर सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. म्हणजे आपला काळा कातळ हे फक्त पांघरूण आहे.

अपवाद तीन. भरती-ओहोटीची ऊर्जा मुख्यतः चंद्राची. तारापूरची अणुऊर्जा युरेनियमची. १९६९ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. युरेनियमचे अणू आपल्या सूर्याच्या जन्माआधी दुसऱ्या ताऱ्यांच्या विध्वंसात घडले. आणि तिसरी, पृथ्वीच्या पोटातली उष्णता.

मग वज्रेश्वरीचं पाणी गरम आहे म्हणजे खाली लाव्हा आहे?

नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांत तो लाव्हा कधीच गार झाला. जमिनीत खाली जाताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरी, दापोलीजवळचं उन्हवरे, संगमेश्वरकडचं तुरळ, राजापूरचं उन्हाळे, ही कोकणातली कुंडं एका रांगेत बसल्यासारखी दिसतात, कारण खाली भेगांची रांग आहे. ‘उन्हाळे’ हे गावाचं नावच भूशास्त्राची नोंद आहे.

सौर पॅनेल लावलं की खाणी बंद होतील का?

कोळशाच्या कमी होतील, खाणी संपणार नाहीत. पॅनेलमधलं सिलिकॉन क्वार्ट्झपासून येतं. तारेतलं तांबं, चौकटीचं अ‍ॅल्युमिनियम, बॅटरीतलं लिथियम, सगळं जमिनीतूनच. फरक एवढा की कोळसा एकदा जाळला की संपला. तांबं वितळवून पुन्हा वापरता येतं. अक्षय ऊर्जा म्हणतात ती ऊन-वाऱ्याला, यंत्राला नव्हे.

मला दगडांचा संग्रह करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

नदीपात्रातून. पाण्याने दूरदूरचे दगड फुकट आणून ठेवलेले असतात, घासून-पुसून. प्रत्येक दगडाला नंबर द्या आणि वहीत तारीख, गाव, कुठे पडला होता हे लिहा. नोंद नसलेला सुंदर दगड म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. चालू दगडखाणीत मोठ्या माणसाशिवाय आणि खाणवाल्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. सुरुंग शाळेची वेळ बघून लावत नाहीत. किल्ले, लेणी, कातळशिल्पं इथला खडाही उचलायचा नाही. दगड फोडायचा असेल तर डोळ्यांना चष्मा लावा, आणि हातोडी सुताराची नको, तिच्या कपच्या उडतात. पाथरवटाकडे मागा. तो देईल, आणि कुठल्या बाजूने मारायचं तेही सांगेल.